रिपोर्ट नॉर्मल, मग ती आजारी कशी?

हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, सोनोग्राफीत काही नाही. तरी तुमची गर्लफ्रेंड एक जिना चढताना दोनदा थांबते. किंवा तुमचा बॉयफ्रेंड आठवड्यातले तीन दिवस लेक्चर सोडून रूमवर पडून असतो. तीन डॉक्टर झाले, फाइल जाड झाली, पण आजाराला नाव मिळेना. मग लोकच नावं द्यायला लागतात. आळस, टेन्शन, नाटकं, नजर लागली! आणि एखाद्या दिवशी वैतागून तुमच्याच तोंडून निघून जातं, ‘अगं, रिपोर्ट तर नॉर्मल आलेत ना!’

तेवढं एक वाक्य गिळायला शिका. कारण नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘जे शोधलं ते सापडलं नाही’ एवढाच असतो. ‘काहीच झालेलं नाही’ असा नसतो.

उदाहरणार्थ, पॉट्स नावाचा त्रास. यात माणूस उभा राहिला की दहा मिनिटांच्या आत हृदयाचे ठोके मिनिटाला तीस किंवा त्याहून जास्त वाढतात. (टीनएजर्ससाठी हा आकडा चाळीस.) चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पण ईसीजी काढतात झोपवून, आणि तो येतो नॉर्मल. एंडोमेट्रिओसिसचंही तेच. पाळीत असह्य दुखतं, पण साध्या सोनोग्राफीत अनेकदा काहीच दिसत नाही. निदान व्हायला कित्येक वर्षं जातात आणि तोवर मुलगी ऐकत राहते, ‘दुखतंच गं, सगळ्यांना दुखतं.’

जेनिफर ब्रिया हार्वर्डमध्ये पीएचडी करत होती. वय २८, नुकतंच लग्न ठरलेलं. २०११ मध्ये तिला जोराचा ताप आला आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी राहिलीच नाही. अनेक डॉक्टर झाले. एका न्यूरॉलॉजिस्टने सांगितलं, हे मनातल्या जुन्या आघातामुळे होतंय. तिने ते मान्य केलं, त्या दिवशी दोन मैल चालत घरी गेली आणि अंथरुणालाच खिळली. पुढे निदान झालं मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम. हा आजार पकडणारी एकही रक्ततपासणी अजून नाही. थोडे श्रम झाले तरी पुढचे काही दिवस शरीर कोलमडतं, ही त्याची खूण. त्रास कसा होतो हे डॉक्टरांना दिसावं म्हणून ती मोबाइलवर स्वतःला शूट करत गेली. त्यातूनच २०१७ मध्ये ‘अनरेस्ट’ ही डॉक्युमेंटरी आली. तिचा नवरा ओमार वासो त्यात सोबत दिसतो. तो तिला बरं करू शकत नाही. पण ‘तुला होतंय ते खरं आहे’ यावर तो ठाम आहे. आजाराचा ताण नात्यावर कसा येतो, हेही दोघं लपवत नाहीत.

तुम्हाला काय करता येईल?

नोंद ठेवा. एक साधी वही घ्या. तारीख, काय झालं, किती वेळ, त्याआधी काय खाल्लं, किती चाललं, झोप किती, पाळीचा कितवा दिवस. महिनाभराची वही डॉक्टरांना बरंच सांगून जाते. झटका, पुरळ, सूज दिसली तर तिला विचारून व्हिडिओ, फोटो काढा.

सोबत जा. ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात आणि आजारी माणूस नेमकं महत्त्वाचं विसरतो. तीन मुख्य त्रास आणि तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. ‘अजून काय असू शकतं? पुढची तपासणी कोणती? कधी परत यायचं?’ बोलू तिला द्या, राहिलेलं तुम्ही सांगा.

डॉक्टर बनू नका. रात्री दोन वाजता गुगल करून तिला नवा आजार चिकटवू नका. दर आठवड्याला डॉक्टर बदलण्यापेक्षा एक चांगला एमडी फिजिशियन धरा, सगळी फाइल त्याच्याकडे राहू द्या. ‘जिम लाव, सुस्ती जाईल’ हा सल्ला तर नकोच. ब्रियासारख्या आजारात त्याने त्रास वाढतो.

मानसोपचार ही शिवी नाही. डॉक्टरांनी तिकडे पाठवलं तर जा. डिप्रेशनमध्येही अंग दुखतं आणि ते दुखणं खोटं नसतं. फक्त तेवढ्यावर बाकीचा शोध बंद पडू देऊ नका.

वाट बघू नका. शुद्ध हरपणं, फिट, छातीत दुखणं, धाप, अचानक हात-पाय लुळे पडणं, बोलण्यात गोंधळ, जीव नकोसा झाल्याची भाषा, यांपैकी काहीही झालं तर वही बाजूला ठेवा आणि थेट कॅज्युअल्टी गाठा. आपोआप घटणारं वजन किंवा रोज संध्याकाळचा ताप असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आणि तुमचं काय? सबमिशन, पार्टटाइम जॉब, त्यात हे. चिडचिड होणार. कधी कधी पळून जावंसं वाटणार. तसं वाटलं म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. तिच्या घरच्यांना सांगा, मित्रांमध्ये कामं वाटून घ्या. डबा एकाकडे, नोट्स दुसऱ्याकडे, दवाखाना तिसऱ्याकडे. फारच जड झालं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. कॉल मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणखी एक. ‘आता बरं वाटतंय का?’ हे रोज विचारू नका. ‘नाही’ म्हणताना तिलाच अपराधी वाटायला लागतं. त्याऐवजी विचारा, ‘आज कितपत जमतंय?’ आणि ती सांगेल तेवढ्यावर त्या दिवसाचा प्लॅन करा.