विश्लेषण : दिसायला सारखे, हाक मात्र वेगळी! बेडकाची मादी जोडीदार कसा ओळखते?

पावसाळ्यात सनसिटी-गास रस्ता पाण्याखाली गेला की वसईकरांच्या मोबाइलवर त्याचे व्हिडीओ फिरू लागतात. रात्री त्याच सखल भागातून बेडकांचा कल्लोळ ऐकू येतो. आपल्या कानाला ते सारे ‘डराव डराव’च वाटते. मात्र हा एकच आवाज नसतो. प्रत्येक जातीची हाक वेगळी असते आणि त्या फरकावर पुढची पिढी अवलंबून असते.

बेडूक ओरडतात कशासाठी?

ही हाक मुख्यतः नर देतो. तोंड बंद ठेवून तो फुप्फुसातील हवा स्वरयंत्रातून गळ्याखालच्या पिशवीत ढकलतो. ही पिशवी फुगली की आवाज दूरवर पोहोचतो. अंधारात मादीला रंगरूप फारसे दिसत नाही. त्यामुळे ‘मी तुझ्याच जातीचा आहे’ हे तिला हाकेतूनच कळते.

दोन हाकांत नेमका फरक काय?

एक फरक पट्टीचा. बेडूक जितका मोठा, तितका त्याचा आवाज साधारणपणे खर्जातला. पण जवळच्या जाती आकाराने सारख्या असल्या तर पट्टीही सारखीच लागते. तेव्हा ठेका निर्णायक ठरतो, म्हणजे एका सेकंदात आवाजाचे किती ठोके पडतात ते.

उत्तर अमेरिकेतील करड्या झाडबेडकांच्या दोन जाती नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येत नाहीत. मात्र सारख्या तापमानात एकीच्या हाकेतील ठोके दुसरीच्या सुमारे दुप्पट वेगाने पडतात. गारठ्यात हा ठेका मंदावतो. कार्ल गेरहार्ट यांनी स्पीकरवर हाका ऐकवून प्रयोग केले. तापमान बदलले की मादीची पसंतीही त्याच दिशेने सरकते, असे त्यांना आढळले. मादीची निवड चुकली तर संकरित पिल्ले तग धरत नाहीत किंवा वांझ निघतात आणि तिची अंडी वाया जातात.

महाराष्ट्रात काय आढळले?

भातखाचरातील छोट्या बेडकांना पूर्वी सरसकट ‘लिम्नोकॅरिस’ म्हटले जाई. हे नाव १८२९ मध्ये जावा बेटावरील बेडकाला दिलेले. १९१९ मध्ये नेल्सन अॅनंडेल यांनी सह्याद्रीच्या नावावरून त्याची ‘सिहाद्रेन्सिस’ ही उपजात सांगितली. आज ती स्वतंत्र जात मानली जाते. पुढे शरीररचनेसोबत जनुके आणि हाकाही तपासल्या जाऊ लागल्या आणि या गटात अनेक जाती दडल्याचे उघड झाले. गोव्यातून ‘गोमांतकी’ (२०१५) आणि ‘गोएमची’ (२०१८), तर महाराष्ट्रातून ‘मराठी’ (२०१९) या जातींची नोंद झाली. झुडपी बेडकांतील ‘राओर्चेस्टिस घाटेई’ या जातीचे वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यातील प्राणिशास्त्रज्ञ डॉ. हेमंत घाटे यांचे नाव तिला दिले आहे. त्या वर्णनात तिच्या हाकेचीही नोंद आहे.

वसईत चिंता कशाची?

वसईच्या वाड्यांतील बावखले बेडकांना अंडी घालायला हक्काची जागा देतात. त्यातली अनेक बुजवली गेली आहेत. जिथे पाणी उरले आहे, तिथे वाहनांचा गोंगाट वाढतो आहे. हा गोंगाट प्रामुख्याने खर्जातला असल्याने खालच्या पट्टीतील हाका त्यात बुडतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या गोंगाटी भागातील एका झाडबेडकाची हाक थोडी वरच्या पट्टीत गेल्याचे २००९ मध्ये नोंदवले गेले. पण मोठ्या अंगाच्या बेडकाला पट्टी चढवण्यास मर्यादा असतात. मादीपर्यंत हाक पोहोचलीच नाही, तर पाणी असूनही जोडी जुळत नाही.

तुम्ही काय करू शकता?

पाऊस थांबल्यावर रात्री काठापासून दूर उभे राहा आणि मोबाइलवर एक मिनिट आवाज रेकॉर्ड करा. तारीख, वेळ, ठिकाण आणि तापमान लिहून ठेवा. आयनॅचरलिस्टवर आवाजाच्या फाइलही टाकता येतात. बेडूक पकडू नका, त्यांच्यावर टॉर्च रोखू नका. उद्या एखादे बावखल बुजवायची वेळ आलीच, तर तिथे कोण राहत होते याचा पुरावा निदान तुमच्या फोनमध्ये असेल.