दोन टक्क्यांचा निबंध

सकाळी ७. बीडहून निघणाऱ्या आमच्या छोट्या त्रैमासिकाचा अंक तोंडावर आलाय आणि मेलमध्ये नवे निबंध येऊन पडलेत. त्यातले चार ऊसतोड कामगारांवर. जिल्ह्यातली माणसं दरवर्षी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात, तेव्हा विषय हाच येणार. एका निबंधासोबत चिठ्ठी: 'सर, प्लेसमेंटची फाईल लावायची आहे, याच अंकात घ्या.' प्राध्यापकांच्या बढतीसाठीच्या अशा चिठ्ठ्यांची आता सवय झाली आहे.

९.३०. कॉलेजचे तास.

११.३०. ग्रंथालयात साम्य तपासायचं सॉफ्टवेअर आहे. चिठ्ठीवाला निबंध त्यात टाकला. साम्य दोन टक्के. बारा पानांच्या मराठी निबंधात दोन टक्के? संदर्भसूचीच त्याहून जास्त भरते. फाईल उघडली, तर सगळा मजकूर 'डीव्हीबी-टीटी सुरेख'मध्ये. या जुन्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं बसलेली असतात. यंत्राला ते सगळं अगम्य, मग ते जुळवणार कशाशी? युनिकोडमध्ये बदलून पुन्हा टाकलं. ४८.

१२.३०. ४८ हा आकडाही निकाल नव्हे. अवतरणं आणि संदर्भ वगळले. एक लाल ओळ २०१९ च्या नीलम गोऱ्हे समितीची निघाली: ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. ऊसतोडीवर लिहिणारा प्रत्येक जण हा आकडा देणार, स्रोत सांगून दिला की झालं. खरी गोम पुढच्या परिच्छेदात. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, पाळीच्या दिवसांतलं काम, सगळं 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या एका पीएच.डी. प्रबंधातून जसंच्या तसं उचललेलं. प्रबंधात क्षेत्र होतं गेवराई तालुका. इथं त्याचं केज केलंय. तक्ता क्रमांक तीन मात्र बदलायचा राहिला, त्यात गेवराई तशीच. उत्तरदात्यांची संख्या दोन्हीकडे एकच. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी फडावर जाऊन, कोप्यांत बसून बायकांना विचारलेली माहितीच यांच्या नावावर आली.

२. डबा खाताना विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) २०१८ चा वाङ्मयचौर्याविषयीचा विनियम पुन्हा चाळला. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. छापून गेलेला निबंध ४० ते ६० टक्क्यांत सापडला तर तो मागे घ्यायचा, एक वार्षिक वेतनवाढ बंद, दोन वर्षं नव्या विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन नाही. सर्वसामान्य माहितीचे सलग चौदा शब्द जुळले तरी चालतात. पायऱ्या स्वच्छ आहेत, पण लोक आता टक्क्यांसाठीच लिहितात. 'नऊवर आणून देतो' म्हणणारे टायपिंगवाले भेटतात. मला विचाराल तर आठ टक्क्यांतला चोरलेला तक्ता चाळीस टक्क्यांच्या घोटीव प्रस्तावनेपेक्षा वाईट.

४. लेखकाला पत्र. प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या, १९९७ पासूनच्या 'कोप' या संस्थेचा शिरस्ता असा की आधी पुरावा दाखवायचा, खुलासा मागायचा, आरोप करायचा नाही. डाव्या रकान्यात प्रबंध, उजव्या रकान्यात निबंध, जुळणारे शब्द पिवळे. 'चोरी' शब्द कुठंही नाही. तक्ता तीन मात्र पहिल्याच पानावर.

५.३०. फोन आला. "सर, मी निबंध मागं घेतो. विषय संपला."

"मागं घ्या सर. पण खुलासा लेखी लागेल."

"छापलंच नाही तर खुलासा कशाचा?"

तो दुसरीकडे पाठवला जाणार, म्हणून. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीनं आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नावं काढली. २०१९ मध्ये तिच्या जागी 'केअर' यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. नियतकालिक बरं की वाईट हे आता संस्थांनीच ठरवायचं. हेच केज-गेवराई शीर्षक बदलून कुठंही छापून येऊ शकतं. फोनवर एवढं बोललो नाही. खुलासा आला नाही तर पत्र प्राचार्यांकडे जाईल, एवढंच सांगितलं.

रात्री ९. प्रबंधाच्या मूळ लेखिकेचा पत्ता मार्गदर्शकांकडून मागवलाय. तिचा तक्ता कुठं फिरतोय हे तिला कळायला हवं. सहायकाचा मेसेज: बारा पानं रिकामी झाली, काय घालू? म्हटलं, ते उद्या बघू, आधी ऊसतोडीवरच्या उरलेल्या तीन निबंधांचे फॉन्ट तपासा.