अक्रिय वायू

अक्रिय वायू : आवर्त सारणीच्या (मूलद्रव्यांच्या अणुक्रमांकानुसार केलेल्या कोष्टकरूप मांडणीच्या) १८ व्या, म्हणजे पूर्वी शून्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातील हीलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन व रेडॉन या निसर्गात आढळणाऱ्या सहा मूलद्रव्यांना दिलेले नाव. हे वायू रंगहीन व गंधहीन असून त्यांचे रेणू एकाच अणूचे असतात. अणूचे बाह्यतम कवच इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले (हीलियमात २, इतरांत ८) असल्यामुळे त्यांचा इतर मूलद्रव्यांशी सहसा संयोग होत नाही. तथापि १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनाचे संयुग तयार केले. तेव्हापासून ‘अक्रिय’ ही संज्ञा सापेक्ष अर्थानेच घेतली जाते.

शोध : १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दख्खनवरून गेला. झांसेन यांनी गुंटूर येथून व जॉन हर्शेल यांनी जमखंडी संस्थानातून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यांतील पिवळी रेषा प्रथम सोडियमाची समजली गेली. २० ऑक्टोबर रोजी नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहणावाचूनच हा वर्णपट मिळविला आणि ती रेषा (तरंगलांबी ५८७·६ नॅनोमीटर) सोडियमाची नव्हे, असे पुढे दाखवून दिले. लॉकयर यांनी हीलियमाचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला असे कोकणात सांगितले जाते; परंतु हे निरीक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये केले होते. पृथ्वीवर हीलियम १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना युरेनियमाच्या खनिजात सापडला. त्यापूर्वी १८९४ मध्ये, हवेतून मिळविलेला नायट्रोजन रासायनिक रीतीने तयार केलेल्या नायट्रोजनापेक्षा किंचित जड भरतो, या फरकाचा माग काढीत रॅली व रॅम्झी आर्गॉनापर्यंत पोहोचले होते. निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन १८९८ मध्ये रॅम्झी व ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेपासून वेगळे केले.

उपयोग : हवेत घनफळाने सुमारे ०·९३% आर्गॉन असल्याने तो तुलनेने स्वस्त पडतो. अगंज पोलाद व ॲल्युमिनियम यांचे वितळजोड (वेल्डिंग) करताना तो तप्त धातूचे हवेपासून रक्षण करतो. विजेच्या दिव्यातील टंगस्टनाच्या तारेची झीजही त्यामुळे मंदावते. विद्युत् विसर्जनात निऑन तांबूस-नारिंगी प्रकाश देतो. १९१० मध्ये झॉर्झ क्लोद यांनी अशा नळ्या दाखविल्यानंतर त्या जाहिरातींच्या फलकांवर आल्या. चित्रपटगृहांतील प्रक्षेपकांत झेनॉनाचे दिवे वापरले गेले.

द्रवरूप हीलियमाचा उकळबिंदू −२६८·९° से. आहे. रुग्णालयांतील चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमाकारी यंत्रांमधील (एमआरआय यंत्रांमधील) अतिसंवाहक चुंबक थंड ठेवण्यासाठी तो लागतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तिच्या प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन भुजांत उच्च प्रतीचा निर्वात राखावा लागतो. अशा नळ्यांची गळती शोधण्यास हीलियम सोयीचा ठरतो : त्याचा लहान अणू सूक्ष्म छिद्रातूनही आत शिरतो, हवेत तो दशलक्ष भागांत केवळ सुमारे पाच भाग असल्याने उपकरणात चटकन ओळखू येतो आणि धातूवर परिणाम करीत नाही.

धोके व संवर्धन : अक्रिय असणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या वा खड्ड्याच्या तळाशी साचून ऑक्सिजन बाजूस सारतो; वास नसल्यामुळे आत उतरणाऱ्या कामगारास सूचना न मिळता तो गुदमरू शकतो. म्हणून उतरण्यापूर्वी ऑक्सिजनाचे प्रमाण मोजणे व वायुवीजन करणे अत्यावश्यक असते. किरणोत्सर्गी रेडॉन (अर्धायुष्य सुमारे ३·८ दिवस) बंद जागेत साचल्यास फुप्फुसाच्या कर्करोगास कारण होतो. हीलियम भूगर्भात युरेनियम व थोरियम यांच्या क्षयातून अतिशय मंदपणे तयार होतो व मुख्यतः नैसर्गिक वायूतून मिळवितात. मोकळा सुटलेला हीलियम वातावरणात विरळ होऊन अखेर अवकाशात निघून जातो. त्यामुळे वापरलेला वायू गोळा करून पुन्हा द्रवरूप करणे, हाच त्याच्या संवर्धनाचा खात्रीचा मार्ग आहे.