चार इस्पिकांवर थांबताना

इंदापूर तालुक्यातल्या भिगवणच्या बाजारात उजनीच्या मासळीचा लिलाव ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. समोरच्याने किलोमागे पाच रुपये वाढवले की आपलाही आवाज चढतो, नाडी वाढते. चिलापी बाजूला राहते, समोरच्याला हरवायचे एवढेच उरते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मार्टिन शुबिक यांनी १९७१ मध्ये यावर एक खेळ मांडला. लिलाव एका डॉलरचा. पण दुसऱ्या क्रमांकाच्या माणसानेही आपली बोली भरायची. समोरचा एक डॉलर बोलला की ९५ सेंटवर अडकलेला माणूस चक्क एक डॉलर पाच सेंट बोलतो!

पत्त्यांच्या ब्रिजमध्ये हा मोह नेमका मोजता येतो. चार इस्पिकांची बोली म्हणजे १३ पैकी १० हात करण्याचे वचन. तेवढ्यावर गेमचा बोनस मिळतो. चार बोलून ११ हात केले काय किंवा पाच बोलून ११ केले काय, गुण तेवढेच. मात्र पाच बोलून १० झाले, तर बोनस जातो, वर दंड. १२ हातांच्या स्लॅमची आशा नसेल, तर पाचवी बोली फुकटचा धोका आहे. प्रतिस्पर्धी मध्ये बोलला तर ती कधी शहाणपणाचीही ठरते. पण बहुधा ती ईर्ष्येने निघते.

लिलावाला जाण्याआधी घरीच बर्फ, टेम्पोचे भाडे आणि पुण्यातला विक्रीदर मांडून वरचा आकडा कागदावर लिहावा. तो खिशात ठेवावा आणि त्याच्यापुढे ‘पास’ म्हणावे.