प्रोसेसरची रजिस्टर्स वाचायची तरी कुठून?

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, चालता चालता कोलमडला की पडद्यावर आकड्यांच्या आणि अक्षरांच्या गिचमिड ओळी उमटतात. बहुतेक जण त्या न वाचता यंत्र पुन्हा सुरू करतात. कर्नलवर काम करणारा अभियंता मात्र आधी त्या ओळींचा फोटो काढून ठेवतो, कारण त्यांत प्रोसेसरच्या रजिस्टर्समधले आकडे असतात. यंत्र अडले त्या क्षणी प्रोसेसर कोणत्या सूचनेवर होता, स्टॅक, म्हणजे मेमरीतली तात्पुरत्या नोंदींची चळत, कुठवर आला होता, मेमरीतला कोणता पत्ता त्याने मागितला होता, हे सारे त्या आकड्यांवरूनच कळते.

रजिस्टर ही प्रोसेसरच्या आतली, सर्वांत वेगवान साठवणीची जागा. आजच्या अनेक लॅपटॉप आणि सर्व्हरमध्ये असणाऱ्या ६४-बिट एक्स८६ प्रोसेसरमध्ये सर्वसाधारण कामाची १६ रजिस्टर्स असतात, प्रत्येकी आठ बाइटची. सारी मिळून १२८ बाइट. मोबाइलमधल्या ६४-बिट आर्म प्रोसेसरमध्ये ती ३१ असतात. एवढ्याशा जागेतून सगळा हिशेब फिरत असतो आणि तिथला मजकूर क्षणभरही टिकत नाही.

मग ती वाचायला अडचण काय? अडचण अशी, की वाचण्यासाठीही प्रोसेसरलाच काही सूचना पाळाव्या लागतात आणि त्या सूचना हीच रजिस्टर्स वापरतात. पाहायला गेलो की पाहायची गोष्टच पुसली जाते. त्यामुळे डीबगर, म्हणजे प्रोग्राममधला दोष शोधण्याचे हत्यार, आपल्याला जे दाखवतो ती बहुतेक वेळा खुद्द रजिस्टर्स नसतात. थांबण्याच्या क्षणी मेमरीत उतरवून ठेवलेली ती त्यांची नक्कल असते. ही नक्कल कोणी उतरवली, कुठे ठेवली आणि कोणत्या क्रमाने ठेवली, हे प्रोसेसरगणिक आणि ऑपरेटिंग सिस्टीमगणिक बदलते.

साध्या प्रोग्रामच्या बाबतीत हे काम कर्नल करतो. प्रोग्राम थांबला की त्याची रजिस्टर्स कर्नलच्या ताब्यात जातात आणि डीबगरने मागितली की कर्नल ती देतो. लिनक्समध्ये ही मागणी पीट्रेस या सेवेतून जाते, विंडोजमध्ये आणि मॅकमध्ये ती वेगवेगळ्या नावांनी करावी लागते. लिनक्सच्या आतही एकवाक्यता नाही. एक्स८६ वर चालणारी रजिस्टर्स मागण्याची जुनी विनंती ६४-बिट आर्मवर उपलब्धच नाही, तिथे नव्या पद्धतीनेच मागावे लागते. म्हणूनच रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या जीडीबी या डीबगरमध्ये प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या जोड्यांसाठी वेगवेगळ्या फाइली आहेत. एक्स८६ आणि फ्रीबीएसडीची वेगळी, आर्म आणि लिनक्सची वेगळी.

खरी कसोटी कर्नलच बिघडतो तेव्हा लागते. त्याच्या खाली मदतीला कोणी नसते, स्वतःची नक्कल त्याला स्वतःच उतरवावी लागते. इथे प्रत्येक प्रोसेसरचा स्वभाव आडवा येतो. जुन्या ३२-बिट एक्स८६ वर कर्नलमध्येच चूक घडली, तर हार्डवेअर स्टॅकवर सूचनेचा पत्ता आणि इतर मोजक्या गोष्टी लिहिते, पण स्टॅक पॉइंटर, म्हणजे स्टॅकच्या टोकाचा पत्ता, लिहीत नाही. तो नकलेच्या जागेवरून हिशेबाने काढावा लागतो. ६४-बिट एक्स८६ वर तो दरवेळी लिहिला जातो. ६४-बिट आर्मवर हार्डवेअर स्टॅकवर काहीच लिहीत नाही. परतीचा पत्ता आणि प्रोसेसरची स्थिती ते दोन खास रजिस्टर्समध्ये ठेवते, बाकीचे सगळे कर्नलने स्वतः उतरवायचे. एका प्रोसेसरसाठी लिहिलेले वाचन दुसऱ्यावर तसेच चालवले तर आकडे मिळतील, पण चुकीचे.

ब्रेकपॉइंटचेही तसेच. प्रोग्राम एका ठरावीक जागी थांबवायचा तर डीबगर तिथली मूळ सूचना तात्पुरती काढून थांबवणारी सूचना बसवतो. एक्स८६ वर ती एकाच बाइटची असते, आणि थांबल्यावर प्रोसेसर पत्ता दाखवतो तो त्या बाइटच्या पुढचा. डीबगरला त्यातून एक वजा करावा लागतो. आर्मवर पत्ता थेट त्या सूचनेचाच मिळतो. तिथे एक वजा केला तर पुढचा सगळा तपास भरकटतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो झोपलेल्या थ्रेडचा, म्हणजे वाट पाहत थांबलेल्या कामाचा, प्रश्न. कर्नलमध्ये एकाच वेळी शेकडो कामे ताटकळत असतात. कोणी डिस्कची वाट पाहतो, कोणी कुलूप उघडण्याची. प्रोसेसर दुसऱ्या कामाकडे वळला तेव्हा या कामाची कोणती रजिस्टर्स जपून ठेवली गेली? सगळी नाही. युनिक्स घराण्यात पाळल्या जाणाऱ्या संकेतानुसार ६४-बिट एक्स८६ वर बोलावलेल्या फंक्शनने सांभाळून परत करायची रजिस्टर्स सहाच आहेत. काम बदलताना ती सहा आणि स्टॅक पॉइंटर एवढे जपले की पुरते. उरलेली नऊ ज्याला हवी असतील त्याने आधीच स्टॅकवर ठेवलेली असतात. कर्नलच्या दृष्टीने हे अगदी योग्य आहे, कारण त्यात वेळ वाचतो. पण डीबगरने त्या नऊ रजिस्टर्सच्या जागी काय दाखवायचे?

फ्रीबीएसडीसाठी जीडीबीत लिहिलेला भाग जपलेल्या रजिस्टर्सवरून काम बदलण्याच्या फंक्शनमधून नुकतेच परत आल्यानंतरची स्थिती उभी करतो आणि जे ठाऊक नाही ते रिकामे सोडतो. डीबगर त्या ठिकाणी 'उपलब्ध नाही' अशा अर्थाची खूण दाखवतो. लिनक्सच्या केजीडीबी या कर्नल डीबगरमध्ये मात्र एक्स८६ वरील झोपलेल्या थ्रेडसाठी अशा जागी शून्य भरून पाठवले जाते. शून्य हाही एक खरा आकडा असू शकतो. नवखा अभियंता तो पाहून रिकाम्या पॉइंटरच्या मागे लागतो आणि दिवस घालवतो. पंचनाम्यात न सापडलेली वस्तू 'सापडली नाही' अशीच लिहावी लागते, तिच्या जागी दुसरी मांडून चालत नाही. डीबगर लिहिणाऱ्यांनी हा नियम कसोशीने पाळावा, असे माझे ठाम मत आहे.

केजीडीबीच्या वापराची पद्धतही पाहण्याजोगी आहे. दोन यंत्रे केबलने जोडतात. एकावर तपासायचा कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी. कर्नल थांबला की प्रोसेसरच्या बाकीच्या सगळ्या कोअरही थांबवाव्या लागतात, नाहीतर त्या पुरावा बदलत राहतात. मग जीडीबी केबलवरून इंग्रजी 'जी' हे एकच अक्षर चौकटीत घालून पाठवतो आणि उत्तरात सगळी रजिस्टर्स एका लांबलचक ओळीत येतात, नावांशिवाय. कोणता आकडा कोणाचा हे केवळ क्रमावरून ओळखायचे. दोन्ही टोकांच्या तक्त्यांत एका जागेचा जरी फरक पडला तरी पुढचे प्रत्येक नाव चुकीच्या आकड्याला चिकटते. हा तक्ता बनवणे कंटाळवाणे काम आहे आणि ते बिनचूक करणाऱ्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नसतात.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा कर्नल डीबगरला विरोध होता. २००० मध्ये त्यांनी तो जाहीरपणे मांडला. डीबगर हाती आला की माणूस कोड समजून घेण्याऐवजी लक्षणांवर ठिगळे लावत बसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यात तथ्य आहे. पण दुसऱ्याने लिहिलेला ड्रायव्हर अपरिचित प्रोसेसरवर गोठतो, तेव्हा नुसते वाचन पुरत नाही. केजीडीबी अखेर २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२६ या आवृत्तीत आला. कर्नलच्या मदतीशिवाय, चिपच्या जेटॅग या तपासणीसाठीच्या जोडणीतून बाहेरूनही रजिस्टर्स वाचता येतात, पण विकल्या गेलेल्या यंत्रांत ती जोडणी सहसा हाती लागत नाही.

आपल्याकडे हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे वेगा प्रोसेसर आणि आयआयटी मद्रासचे शक्ती प्रोसेसर हे दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्यावर आधारलेले आहेत. रिस्क-फाइव्हमध्ये पहिले रजिस्टर कायम शून्यच असते, म्हणजे तिथले शून्य तेवढे खरे. या आराखड्यासाठी केजीडीबीचा आधार लिनक्समध्ये आला तो २०२० मध्ये. देशी चिप बनली की बातमी होते. तिच्यावरचा दोष शोधता यावा म्हणून लागणारे हे तक्ते आणि या फाइली कोणीतरी लिहाव्या लागतात, तपासाव्या लागतात आणि वर्षानुवर्षे सांभाळाव्या लागतात.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे आजच, पैसे न खर्चता शिकता येते. क्यूईएमयू हा फुकट मिळणारा आभासी संगणक घ्या, त्यात रिस्क-फाइव्हचा लिनक्स कर्नल चालवा, १२३४ क्रमांकाच्या पोर्टवर जीडीबी जोडा आणि रजिस्टर्स मागवा. मग त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला, हे जीडीबीच्या आणि कर्नलच्या खुल्या कोडमध्ये शोधा. जिथे माहिती नसताना शून्य दाखवलेले आढळेल, तिथली दुरुस्ती लिहून पाठवा.