‘चूक तुझीच होती’ असं मालक म्हणाला, तरी भरपाई मिळते का?

आजचा विषय सरळ आहे. कामावर अपघात झाला, हात गेला, बोट गेलं, तर कायदा तुम्हाला काय देतो?

आधी सगळ्यात मोठा गैरसमज काढून टाकू. भरपाई मिळवायला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. इजा कामामुळे आणि काम करताना झाली, एवढं पुरतं. हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून आहे. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झालीय, तिच्यातही ते कायम आहे.

मग ‘तुझंच लक्ष नव्हतं’ याचं काय? थकव्यात, घाईत हात चुकणं आणि मुद्दाम नियम मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारू पिऊन काम केलं, किंवा मशीनचं गार्ड जाणूनबुजून काढलं, तर मालक हात वर करू शकतो. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर ही सबबसुद्धा चालत नाही.

आता रक्कम. इथे चक्क फॉर्म्युला आहे. पूर्ण अपंगत्वासाठी महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. अंशतः अपंगत्व असेल, तर त्या रकमेचा तेवढा टक्का.

समजा, पाच-सहा जणांचं छोटं वर्कशॉप आहे. पॉवर प्रेसवर २५ वर्षांच्या मुलाचा अंगठा गेला. पगार १५,०००. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. पंचविशीचा आकडा २१६.९१. गुणाकार १९,५२,१९०. कायद्याच्या तक्त्यात अंगठा गमावणं म्हणजे ३० टक्के, म्हणून भरपाई ५,८५,६५७ रुपये. आता विचार करा, अशा मुलाला ‘वीस हजार घे आणि विषय मिटव’ म्हणणं म्हणजे काय!

पगार मात्र सरकारने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच धरतात. २०२० मध्ये ती मर्यादा १५,००० केली होती.

तुमच्या पगारातून ईएसआयसी कापली जात असेल, तर रस्ता वेगळा. तेव्हा भरपाई मालकाकडून नाही, ईएसआयसीकडून. उपचार तिथेच, बरे होईपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर दरमहा रक्कम. म्हणून आजच पगाराची स्लिप उघडून बघा.

‘तू आमचा नाहीस, कंत्राटदाराचा आहेस’ हेही ऐकायला मिळतं. पण कंपनीच्याच धंद्याचं काम कंत्राटदारामार्फत करून घेतलं असेल, तर भरपाई मूळ कंपनीकडेही मागता येते. कंपनीने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा प्रश्न.

अपघात झाल्यावर काय करायचं?

एक, दवाखान्यात खरं सांगा. ‘घरी पडलो असं सांग’ असा आग्रह होतो, आणि केस पेपरवर तेच लिहिलं गेलं की पुढे सगळं अवघड होतं.

दोन, मालकाला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवून ठेवा. सोबत कोण होतं, त्यांची नावं आणि नंबर लिहून घ्या.

तीन, ‘पुढे काही मागणार नाही’ अशा कागदावर सही करू नका. आधीच केली असेल तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणाऱ्या कराराला कायद्यात किंमत नाही. तडजोड करायचीच असेल, तर ती सक्षम अधिकाऱ्यापुढे नोंदवून घ्या.

चार, दोन वर्षांच्या आत दावा करा. देय झालेली भरपाई मालकाने महिन्याभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

वकिलाला पैसे नाहीत? कारखान्यातले कामगार, महिला आणि अपंग व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन नंबर १५१००. सेव्ह करून ठेवा.

आणि हा एपिसोड मशीनवर काम करणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. बोट शाबूत आहे तोवरच हे माहीत असलेलं बरं. भेटू पुढच्या भागात!