तापीच्या मुखाशी कॉकाटीलचा संसार

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून पोपटाचा पिंजरा ही एके काळी देवघराइतकीच गृहीत धरलेली गोष्ट होती. ओसरीच्या तुळईला टांगलेला पितळी पिंजरा, वाटीत भिजविलेली हरभऱ्याची डाळ, सळईत खोचलेली हिरवी मिरची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घरच्या आजीच्या आवाजात हाक मारणारा राघू! फार काय, खुद्द सयाजीराव महाराजांच्या काळी चांदीच्या चिमुकल्या सायकलवर बसणारे आणि छोटी तोफ डागणारे पोपट राजवाड्यातील पाहुण्यांना दाखवीत असत. वडीलधाऱ्या मंडळींनी या पोपटांच्या गोष्टी लहानपणी नक्कीच ऐकल्या असतील.

तो राघू आता पिंजऱ्यात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशी पोपटांना पकडणे, विकणे आणि घरात कोंडणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि ते योग्यच झाले. रानातून ढोलीतली पिल्ले काढून पोत्यांतून बाजारात आणावयाची, त्यांतली निम्मीशिम्मी वाटेतच मरावयाची, असा तो व्यापार होता. पण घरात एखादे पाखरू असावे ही हौस कायद्याने कशी जाणार? तिने दुसरी वाट शोधली. आज ओसरीची जागा गॅलरीने घेतली आहे आणि राघूची जागा कॉकाटीलने.

ही हौस मी जवळून पाहिली ती हजीऱ्यास. सुरतेशी आपला मराठ्यांचा संबंध १६६४ सालापासूनचा, आणि तो सुरतकरांना विशेष सुखाचा वाटला असेल असे नाही. सुरतेहून पश्चिमेकडे, तापी जेथे समुद्रास मिळते तेथे हजीरा आहे. शेजारच्या सुवालीच्या बंदराजवळ १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची आरमारी झुंज झाली. आता त्या किनाऱ्यावर खताचा, पोलादाचा, वायूचा असे प्रचंड कारखाने उभे आहेत, आणि त्यांच्या वसाहतींतून कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. माझी भाची त्यांपैकीच एका वसाहतीत राहते. तिच्या गॅलरीत राखी रंगाचा नर आणि पिवळसर मादी अशी कॉकाटीलची जोडी आहे.

हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. काकाकुवाच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी. शेपटासकट जेमतेम फूटभर लांब आणि वजनाने ८० ते १०० ग्रॅम. डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी टिकली. रानातल्या नराचे अंग राखी, तोंड पिवळे आणि पंखावर पांढरा पट्टा असतो. अंगभर फिका पिवळा असलेला ल्युटिनो हा प्रकार पिंजऱ्यातल्या पैदाशीतून निघाला. त्याची पैदास १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा येथे सुरू झाली. ऑस्ट्रेलियाने आपले पक्षी बाहेर पाठविणे १९६० च्या सुमारास बंद केले, त्यामुळे आपल्याकडे दिसणारा कॉकाटील हा पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेला असतो. त्याला सोडून देणे म्हणजे पुण्य नव्हे. कावळे आणि उपासमार यांच्या हाती त्याला देणे होय.

पण पिढ्या पिंजऱ्यात गेल्या तरी रक्तातले रान जात नाही, आणि सारे गुपित येथेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या त्या कोरड्या मुलखात पाऊस केव्हा येईल याचा नेम नसतो. पाऊस पडला, गवताला दाणा आला, पाण्याकाठच्या झाडात ढोली सापडली, की हा पक्षी लगेच संसार मांडतो, आणि सुबत्ता आहे तोवर अंडी घालीत राहतो. आता आमच्या भाचीच्या गॅलरीत पाहा! दाण्याची वाटी बारा महिने भरलेली, पाणी स्वच्छ, हवा उबदार आणि कोपऱ्यात लाकडी पेटी टांगलेली. शिवाय जावईबापूंची तिसरी पाळी असली की रात्री दोन वाजता घरात दिवे लागतात. मोठा दिवस ही त्या पाखराला विणीची हाकच असते. अशी सुबत्ता कधी संपतच नाही, आणि म्हणून मादीची अंडी घालणेही संपत नाही.

पहिल्या खेपेस घरभर आनंद होता. नर पंख खांद्यापासून किंचित उचलून, चोचीने लाकडावर टकटक करीत, शीळ घालीत मादीपुढे फिरू लागला. पुढे एक दिवसाआड एक अशी पाच पांढरी अंडी आली. सामान्यतः चार ते सात येतात. यांच्या संसारात कामाची वाटणी मोठी न्यायाची असते. दिवसा बाप अंड्यांवर बसतो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत आई. भाचीच्या सासूबाईंना ही गोष्ट फारच पसंत पडली आणि मुलासमोर तिचा उल्लेख वारंवार होऊ लागला. १८ ते २१ दिवसांनी पिल्ले फुटली, तीही एकदम नव्हे. मागून फुटलेले पिल्लू थोरल्या भावंडापुढे इतके लहान दिसते की त्याच्या पोटात काही जाते की नाही यावर रोज नजर ठेवावी लागते.

आनंदाच्या भरात दुसरी खेप झाली, लगोलग तिसरी झाली. मग जूनमधल्या एका संध्याकाळी मादी दांडीवरून खाली उतरली आणि पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून, पाय फाकवून बसली. श्वासागणिक शेपूट वरखाली होत होते. तिला अंडे अडले होते. अंड्याचे कवच चुन्याचे. तो चुना मादीच्या हाडांतून निघतो. खेपेमागून खेप झाली की हाडे रिती होतात, स्नायूंत जोर राहत नाही आणि अंडे वाटेत अडकते. अशा वेळी तेल लावणे, पोट दाबणे असले घरगुती उपाय कोणी करू नयेत. अंडे आत फुटले तर पाखरू हाती लागत नाही. भाचीने तिला खोक्यात ठेवून जवळ दिव्याची ऊब दिली, ओले फडके ठेवून हवा दमट केली आणि रात्रीच सुरतेला पशुवैद्याकडे गाडी काढली. चुन्याचे औषध टोचल्यावर आणि ऊब मिळाल्यावर पहाटे अंडे सुटले. असे दर वेळी घडत नाही. कित्येक माद्या सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी निपचित सापडतात आणि घरच्यांना कारणही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. "मामा, आता अंडे दिसले की लगेच काढून टाकते, म्हणजे ती थांबेल ना?" ही समजूत फार ठिकाणी आहे आणि ती उलटी आहे. अंडे नाहीसे झाले की मादी ती उणीव भरून काढण्यासाठी आणखी घालते. घातलेली अंडी तिच्यापाशीच राहू द्यावी. निष्फळ असली तरी तीनएक आठवडे बसून ती आपण होऊन उठते. पिल्ले नकोच असतील तर अंडी ताजी असतानाच उकडून, गार करून परत ठेवावी. त्यानंतर ढोलीसारखी प्रत्येक जागा नाहीशी करावी, रोज १२ तास गडद अंधार द्यावा, मऊ चमचमीत खाणे कमी करावे आणि पाठीवरून हात फिरविण्याचे लाड बंद करावे. पाठ कुरवाळणे हे त्या पाखराला जोडीदाराचे आर्जव वाटते. डोके खाजविणे पुरे. हजीऱ्याच्या त्या घरात आता झोपण्याच्या खोलीत जाड पडद्याआड पिंजरा असतो आणि जावईबापू रात्री चाचपडत जेवतात.

मग वीण घेऊच नये काय? अवश्य घ्यावी, पण वर्षातून दोनपेक्षा अधिक नको, आणि दीड वर्षाच्या आतल्या मादीकडून मुळीच नको. जोडी सख्ख्या भावंडांची नसावी. पेटी साधारण १२ इंच लांब, रुंद व उंच, तीन इंचांचे भोक, आणि आत सुताराकडचा स्वच्छ, बिनऔषधी लाकडाचा भुसा दोन-तीन इंच. पिंजऱ्याची तार हा हजीऱ्याचा खास प्रश्न आहे. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते म्हणून लोक जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणतात, आणि पाखरे ती चावून जस्ताने विषबाधा होऊन मरतात. पोलादी पिंजऱ्याला पैसे जास्त पडतात खरे, पण ते एकदाच.

चुन्यासाठी दूर जावयास नको. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवून ठेवला की मादी गरजेप्रमाणे कुरतडते. नुसत्या दाण्यावर, विशेषतः सूर्यफुलाच्या बियांवर, ठेवलेले पाखरू लठ्ठ होते आणि आतून कुपोषित राहते. राळा, बाजरी, थोडी करडई यांच्या जोडीला शेवग्याचा पाला, मेथी, किसलेले गाजर, कोवळे मक्याचे कणीस द्यावे. पिल्ले असताना पुस्तके उकडलेले अंडे द्या म्हणतात. येथे सासूबाईंनी हरकत घेतली. ज्या घराच्या गॅलरीत अंड्यांचा असा सुकाळ, त्याच घराच्या स्वयंपाकघरात अंडे चालावयाचे नाही! तडजोड मोड आलेल्या मुगावर झाली. मूग मात्र दर वेळी ताजे हवे; तेथल्या दमट हवेत दोन तासांत त्यांना वास येतो. पावसाळ्यात दाणेही थोडेथोडेच आणावे, कारण बुरशीचा दाणा हळूहळू यकृत खातो.

अंड्यांवर बसलेली जोडी फार बुजरी असते. रात्री फटाका वाजला की अंधारात पंख फडफडवीत सळयांवर आदळते आणि अंडी तुडविली जातात, म्हणून दिवाळीच्या आसपास वीण नकोच. एरवीही एक मंद दिवा दूर कोठे तरी असू द्यावा. छताच्या पंख्याने तर मांजरापेक्षा अधिक पाखरे मारली असतील असे मला वाटते. उत्तरायणात खिडकीबाहेर मांजा, आत पंखा, अशा वेळी मोकळे सोडण्याचा मोह आवरावा. धूप, कापूर, मच्छरांची उदबत्ती यांचा धूर पाखरांच्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि न चिकटणारे काळे तवे फार तापले तर त्यांच्या वाफेने काही मिनिटांत पाखरू दगावते.

पिल्ले आंधळी, पिवळ्या लवेची जन्मतात. नवव्या-दहाव्या दिवशी डोळे उघडतात आणि पेटीत हात घातला की सापासारखी फुसफुसतात. पाचव्या आठवड्याच्या सुमारास ती बाहेर येतात, पण स्वतः दाणा टिपावयास सात ते नऊ आठवडे लागतात. तोवर बहुधा बापच भरवितो. काही विक्रेते तीन आठवड्यांची पिल्ले हातावर वाढवा म्हणजे माणसाळतील असे सांगून गळ्यात बांधतात. माझ्या मते हा सौदा निर्दयपणाचा आहे. भरवण्याची पेज जास्त गरम झाली तर पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी भाजते, निवली तर अन्न आत तसेच साचून आंबते. हे कसब शिकलेल्या हाताचे आहे. आईबापांनी वाढविलेले पिल्लूही रोज थोडा वेळ हातात घेतले की तितकेच माणसाळते.

भाचीने पहिल्या खेपेची पिल्ले वसाहतीतच दिली, तीही पिंजरा आणि पडदा आधी पाहून. कॉकाटील १५ ते २० वर्षे जगतो. दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेले पाखरू त्याच्या लग्नानंतर आईच्याच गळ्यात राहते, हे तिने प्रत्येक घरी स्पष्ट सांगितले. दोन घरांनी मग नको म्हटले. ती दोन पिल्ले तिच्याकडेच आहेत, वेगळ्या पिंजऱ्यात. लाकडी पेटी धुऊन, चार दिवस उन्हात वाळवून माळ्यावर टाकली आहे. ती पुढच्या फेब्रुवारीपर्यंत खाली यावयाची नाही असे ठरले आहे.